‘मिस्टेक’ला पर्यायी शब्द: हिंगण्यातील एका कारखान्याच्या अहवालाचे प्रकरण

पार्श्वभूमी

नागपूरच्या हिंगणा औद्योगिक वसाहतीत धातूचे सुटे भाग तयार करणारा एक लहान कारखाना आहे. मी इंग्रजी-मराठी अनुवाद करतो आणि नोकरदारांना कार्यालयीन इंग्रजी शिकवतो. या कारखान्याने मला बोलावले तेव्हा तक्रारीवरचा पहिला अहवाल ग्राहकाकडे जाऊन आठवडा उलटला होता. त्यामुळे सुरुवातीचा भाग मी संबंधितांकडून ऐकून आणि पत्रव्यवहार वाचून लिहीत आहे. ओळख पटू शकेल असे तपशील गाळले आहेत.

कारखान्याचा एक ग्राहक इंग्लंडमध्ये आहे. त्याला पाठवलेल्या ४०० पोलादी बुशांपैकी (बुश म्हणजे शाफ्टभोवती बसणारे पोकळ नळकांडे) १४ बुशांच्या बाहेरील कडेचा चॅम्फर, म्हणजे कडेला दिलेला तिरका काप, ड्रॉइंगमधील किमान मापापेक्षा कमी भरला. हे बुश जागेवर बसत होते आणि त्यांचे काम करत होते, पण ड्रॉइंगप्रमाणे नव्हते. ग्राहकाच्या क्वालिटी विभागाने रीतसर तक्रार नोंदवून ‘एट डी’ अहवाल मागवला. तक्रार आल्यावर काय करायचे याच्या आठ पायऱ्यांची ही पद्धत फोर्ड कंपनीने १९८७ मध्ये लेखी स्वरूपात मांडली आणि आता सुटे भाग पुरवणाऱ्या लहानमोठ्या कारखान्यांत ती सर्रास वापरली जाते. तिच्यात तिसऱ्या पायरीला तात्पुरता बंदोबस्त लिहायचा असतो आणि मूळ कारण चौथ्या पायरीला. हा क्रम पुढे महत्त्वाचा ठरला.

अहवाल लिहिण्याचे काम क्वालिटी विभागातील एका कनिष्ठ अभियंता तरुणीकडे आले. तिने दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून घेतले आणि नंतर पदविका केली. तिचे इंग्रजी कच्चे नव्हते. उलट, कारखान्यात इंग्रजी पत्र लिहायचे झाले की सगळे तिच्याकडेच येत. मसुदा लिहून झाल्यावर तिच्या लक्षात आले की एकाच पानावर ‘मिस्टेक’ हा शब्द पाच वेळा आला आहे. शाळेतल्या निबंधाच्या वहीत तोच शब्द पुन्हा आला की बाई लाल शाईने ‘पुनरुक्ती’ असे लिहीत, हे तिने मला नंतर हसत सांगितले. तिने संगणकावर त्या शब्दावर उजवी कळ दाबली, समानार्थी शब्दांची यादी उघडली आणि पाचपैकी चार ठिकाणी वेगवेगळे शब्द घातले. पहिल्या परिच्छेदात ‘मिस्टेक’ राहिला, दुसऱ्यात ‘डिफेक्ट’ आला, तिसऱ्यात कंपनीने ‘आवर फॉल्ट’ मान्य केला, चौथ्यात ऑपरेटरचा ‘ब्लंडर’ झाला आणि शेवटच्या परिच्छेदात हा ‘एरर’ पुन्हा होणार नाही असे आश्वासन दिले गेले. तिच्या दृष्टीने पाचही शब्दांचा अर्थ चूक असाच होता. मालकांनी मसुदा चाळला, भाषा चांगली वाटली आणि तक्रार आल्याच्या दुसऱ्याच दिवशी अहवाल रवाना झाला.

अडचण

उत्तर आले ते क्वालिटी विभागाकडून नव्हे, खरेदी विभागाकडून. त्यात तीन मागण्या होत्या. कंपनीने स्वतःचा ‘फॉल्ट’ मान्य केला असल्याने सर्व ४०० नग तपासून वेगळे करण्याचा खर्च कंपनीने द्यावा. मालात ‘डिफेक्ट’ असल्याचे कंपनीच म्हणत असल्याने त्याआधी पाठवलेल्या खेपांतही तो आहे का, ते लेखी कळवावे. आणि ‘ब्लंडर’ करणाऱ्या ऑपरेटरवर काय कारवाई झाली, तेही सांगावे.

दुसरी अडचण कारखान्याच्या आतच उभी राहिली. अशा अहवालांचा मराठी गोषवारा फलकावर लावण्याची त्या कारखान्यात पद्धत आहे. सुपरवायझरने शब्दकोशात पाहून ‘ब्लंडर’चे ‘घोडचूक’ केले, आणि शब्दकोशाच्या हिशेबाने ते बरोबरच होते. ज्या ऑपरेटरबद्दल ते लिहिले होते ते वयाने आणि अनुभवाने सगळ्यांत ज्येष्ठ, सगळे त्यांना भाऊ म्हणतात. फलक वाचून ते सरळ मालकांच्या खोलीत गेले आणि म्हणाले, “साहेब, गलती माह्यी नाही. इन्सर्ट घासलं होतं, मी दोनदा सांगतलं.” इन्सर्ट म्हणजे यंत्रात बसवलेले, झिजल्यावर बदलायचे कापणारे पाते. पाळीच्या नोंदवहीत त्यांच्या हातच्या दोन नोंदी खरोखरच सापडल्या. त्या आठवड्यात पोलादाचा नवा लॉट आला होता आणि तो आधीच्यापेक्षा कठीण होता. कापणारे इन्सर्ट नेहमीपेक्षा लवकर झिजत होते, पण ते किती नगांनंतर बदलायचे याचा आकडा कोणीच बदलला नव्हता.

म्हणजे अहवालात मूळ कारण म्हणून एका माणसाचे नाव न घेता बोट दाखवले गेले होते आणि खरे कारण वेगळेच होते. हे केवळ शब्दामुळे झाले असे मी म्हणणार नाही. पण ‘ब्लंडर’ हा शब्द आल्याबरोबर त्याला एक माणूस लागला, आणि माणूस सापडल्यावर शोध थांबला, एवढे मला पत्रव्यवहारावरून स्पष्ट दिसले.

पाच शब्द कुठे बसतात

मालकांचा माझ्याकडे पहिला प्रश्न होता, “शब्दकोशात तर सगळ्यांचा अर्थ एकच दिला आहे, मग बिघडले काय?” याचे उत्तर देण्यासाठी मी इंग्रजी व्याकरणाकडे न जाता त्यांच्याच शॉपफ्लोअरवरच्या मराठीकडे गेलो. मोटर बंद पडली तर आपण ‘मोटरची चूक झाली’ म्हणत नाही, ‘मोटरमध्ये बिघाड झाला’ म्हणतो. ओतीव भागात पोकळी निघाली तर ती मालातली खोट. पत्रावर तारीख राहिली तर ती कागदातली त्रुटी. लक्ष नसल्याने घडले तर गफलत. आणि माणसाने करायला नको ते केले तर चूक, किंवा नागपूरच्या बोलण्यात गलती. मराठीत हे शब्द एकमेकांच्या जागी घालताना जीभच अडते. इंग्रजीत ती अडत नाही, कारण ते शब्द आपण वापरून नव्हे तर यादीतून शिकलो आहोत.

इंग्रजीतही जागा वाटून दिलेल्याच आहेत. ‘मिस्टेक’ हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतून आला आणि त्याचा मूळ अर्थ ‘चुकीचे घेणे’ असा आहे. समजून घेण्यात किंवा निवडण्यात झालेली ही चूक, म्हणून तिला माणूस लागतो. भारतीय करार अधिनियम, १८७२ मध्येही ‘मिस्टेक’ याच अर्थाने आहे: करार करणारे दोन्ही पक्ष एखाद्या महत्त्वाच्या वस्तुस्थितीबद्दल चुकीच्या समजुतीत असतील तर तो करार शून्य ठरतो. ‘एरर’ लॅटिनमधील भटकण्याच्या क्रियापदापासून निघाला. योग्य बिंदूपासून किती दूर गेलो, हे तो सांगतो. कारखान्याच्या मायक्रोमीटरच्या (सूक्ष्म मापे घेण्याच्या साधनाच्या) कॅलिब्रेशन प्रमाणपत्रात, म्हणजे ते किती अचूक मोजते याच्या दाखल्यात, ‘एरर’ नावाचा रकानाच असतो आणि त्यात मायक्रॉनमध्ये आकडा लिहिलेला असतो. तो पाहून मायक्रोमीटरला कोणी रागावत नाही.

‘डिफेक्ट’ हा वस्तूत राहणारा शब्द आहे. कमी पडणे हा त्याचा मूळ अर्थ. मोबाइलच्या दुकानात ‘मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट आहे, बदलून द्या’ असे आपण सहज म्हणतो. पण गुणवत्ता व्यवस्थापनाच्या भाषेत त्याला वजन आहे. आयएसओ ९००० या संज्ञांच्या मानकात ‘नॉनकन्फॉर्मिटी’ म्हणजे एखादी आवश्यकता पूर्ण न होणे, आणि ‘डिफेक्ट’ म्हणजे अभिप्रेत किंवा ठरलेल्या वापराच्या संदर्भात तसे घडणे, असा फरक केलेला आहे. या फरकाला, विशेषतः उत्पादनाच्या उत्तरदायित्वाच्या बाबतीत, कायदेशीर अर्थ असतो अशी टीपही तिथेच आहे. चौदा बुश वापरात चालत होते आणि फक्त ड्रॉइंगशी जुळत नव्हते. त्यांना ‘डिफेक्ट’ म्हणणे ही नम्रता नव्हती, ते वस्तुस्थितीला सोडून होते.

आपल्याकडच्या कायद्यानेही असा भेद पाळला आहे. या परदेशी व्यवहाराला तो लागू नव्हता, पण मालकांना मुद्दा पटला तो त्याच उदाहरणाने. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये वस्तूच्या बाबतीत ‘डिफेक्ट’ आणि सेवेच्या बाबतीत ‘डेफिशिअन्सी’ अशा दोन वेगळ्या व्याख्या आहेत. ग्राहक आयोगातील मराठी तक्रारीत ‘वस्तूतील दोष’ आणि ‘सेवेतील त्रुटी’ असे लिहितात ते त्यामुळेच, भाषेच्या हौसेने नव्हे.

‘फॉल्ट’ हा या पाचांतला सर्वांत फसवा शब्द, आणि गंमत म्हणजे तो फसवण्याच्या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापर्यंतच मागे जातो. त्याला दोन घरे आहेत. एका घरी तो यंत्रातला किंवा तारेतला बिघाड असतो: नागपुरात मे महिन्यात वीज गेली की ‘डीपीवर फॉल्ट आहे’ हे शाळकरी मुलांनाही माहीत असते. दुसऱ्या घरी तो दोष, पण माणसाच्या माथी येणारा, म्हणजे जबाबदारी. मोटार अपघाताच्या भरपाईत ‘नो फॉल्ट’ म्हणतात ते याच अर्थाने. ‘फॉल्ट’च्या आधी ‘आवर’, ‘माय’, ‘हिज’ असे काही आले की तो पहिल्या घरातून उठून दुसऱ्या घरी जाऊन बसतो. आमच्या अहवालात नेमके तेच झाले होते. मराठीतील ‘दोष’सुद्धा असाच दोन घरचा आहे, कारण दोष असतो आणि दोष दिलाही जातो. त्या तरुणीला ‘फॉल्ट’ खटकला नाही याचे कारण बहुधा हेच असावे.

‘ब्लंडर’ पूर्वी आंधळेपणाने धडपडत चालण्याला म्हणत, आणि आजही त्यात मूर्खपणाची छटा आहे. स्वतःबद्दल वापरला तर चालून जातो, दुसऱ्याबद्दल वापरला तर शिवीच्या जवळ जातो. कार्यालयीन पत्रात त्याला जागाच नाही असे माझे मत आहे.

शब्दांच्या सोबतीने येणाऱ्या क्रियापदांचाही इथे संबंध होता. मराठीत चूक ‘करतात’, म्हणून आपण इंग्रजीत ‘डिड अ मिस्टेक’ लिहितो. तिथे मिस्टेक ‘मेक’ करतात, एरर ‘मेक’ किंवा जरा औपचारिक बोलताना ‘कमिट’ करतात, आणि फॉल्ट ‘फाइंड’ करतात, पण तेव्हा त्याचा अर्थ खोड काढणे असा होतो. अहवालात ‘वुई फाउंड फॉल्ट विथ द ऑपरेटर’ असे एक वाक्य होते. लिहिणारीला ‘ऑपरेटरकडे बिघाडाचा उगम सापडला’ असे म्हणायचे होते. वाचणाऱ्याला ‘आम्ही ऑपरेटरला नावे ठेवली’ असे कळले.

समानार्थी शब्दांच्या याद्यांबद्दल एक गोष्ट मालकांना सांगितली, ती इथेही सांगतो. पीटर मार्क रॉजे या इंग्रज डॉक्टरने १८५२ मध्ये आपला थिसॉरस, म्हणजे समानार्थी शब्दांचा कोश, प्रसिद्ध केला तो शब्द वर्णानुक्रमाने न लावता कल्पनांच्या गटांनी लावून. मनात कल्पना आहे पण नेमका शब्द सुचत नाही, अशा माणसाने त्या गटात शिरून तो शोधावा, हा त्यामागचा हेतू. संगणकाच्या उजव्या कळीवर यादी आली तेव्हा हा क्रम उलटा झाला: शब्द आधीच नेमका होता, आणि तो बदलण्यासाठी यादी उघडली गेली.

पर्यायांचा विचार

बैठकीला मालक, अभियंता, सुपरवायझर आणि मी होतो. भाऊंना बोलवावे असे मी सुचवले होते, पण तो दिवस त्यांच्या साप्ताहिक सुटीचा निघाला आणि बैठक पुढे ढकलली गेली नाही.

सुपरवायझरचे मत होते की पुन्हा काही लिहू नये, फोनवर बोलून मिटवावे. लेखी शब्दाला लेखी उत्तरच लागते आणि खरेदी विभागाकडे आता कागद आहे, म्हणून हा पर्याय मागे पडला. दुसरा पर्याय पहिला अहवाल पूर्णपणे मागे घेण्याचा होता. मालकांना तो आकर्षक वाटला, पण ‘आम्ही जे मान्य केले ते आता नाकारतो’ असा त्याचा वास येईल आणि चौदा नग कमी मापाचे होते ही खरी गोष्टही त्यात झाकोळली जाईल, ही भीती मला होती. तिसरा पर्याय वकिलाकडून उत्तर पाठवण्याचा. वकिलाचा सल्ला घ्यावा, पण पत्र वकिलाच्या नावाने जाऊ नये, असे ठरले. ग्राहक अनेक वर्षांचा होता आणि वाद अजून तक्रारीच्याच पातळीवर होता.

उरला चौथा पर्याय: त्याच अहवालाची सुधारित आवृत्ती पाठवायची, त्यात मूळ कारण नव्याने लिहायचे आणि शब्द बदलल्याचे उघडपणे सांगायचे. वाद झाला तो या शेवटच्या मुद्द्यावर. शब्द गुपचूप बदलावेत, स्पष्टीकरण देऊ नये, असे मालकांचे म्हणणे होते. इंग्रजी कमी पडले अशी कबुली देण्यात त्यांना कमीपणा वाटत होता. माझे म्हणणे असे होते की दोन्ही आवृत्त्या ग्राहकाच्या फायलीत शेजारी शेजारी राहणार आहेत आणि न सांगता बदललेला शब्द लपवाछपवीसारखा दिसेल. शेवटी अभियंता तरुणीच म्हणाली, “सर, शब्द मी बदलले होते. तसं लिहिलं तर मला काही वाटणार नाही.” तिथे निर्णय झाला.

काय केले

सुधारित अहवाल आम्ही आधी मराठीत लिहिला. वेळखाऊ वाटणारी ही पायरी मी मुद्दाम घेतली, कारण मराठीत लिहिताना ‘कोणाचे चुकले’ हे वाक्याच्या रचनेतूनच ठरवावे लागते. ‘मी चुकलो’, ‘माझे चुकले’ आणि ‘माझ्याकडून चूक झाली’ या तीन वाक्यांत माणूस हळूहळू मागे सरकत जातो. ‘चॅम्फर कमी राहिला’ म्हटले की तो दिसतच नाही. मसुदा लिहिताना प्रत्येक वाक्याला आम्ही एकच प्रश्न विचारला: हे कुठे घडले? नगात, यंत्रात, कागदात की माणसात?

उत्तरे अशी निघाली. नगात जे होते ते ड्रॉइंगशी न जुळणे, म्हणून तिथे सगळीकडे ‘नॉनकन्फॉर्मिटी’ हा एकच शब्द ठेवला, तो सात वेळा आला तरी. यंत्रात बिघाड नव्हताच. इन्सर्टची झीज होती आणि ती झीज म्हणूनच लिहिली. कागदात मात्र उणीव होती: इन्सर्ट बदलण्याचा आकडा जुन्या पोलादावर बेतलेला होता आणि नवा लॉट आल्यावर तो तपासण्याची तरतूद कार्यपद्धतीत नव्हती. ऑपरेटरने झीज दोनदा नोंदवली होती, हे तारखांसह लिहिले. माणसाची चूक म्हणावी अशी एकच गोष्ट उरली. नोंदवही रोज वाचण्याचे काम ज्याचे, त्याने ती वाचली नव्हती. हे सुपरवायझरचे काम होते. तो बैठकीतच होता, आणि त्या वाक्यात ‘नोंदीची दखल घेतली गेली नाही’ अशी कर्मणी रचना ठेवावी हा त्याचा आग्रह मालकांनी मान्य केला. मला ते आवडले नाही, पण खोटे काही लिहिले जात नव्हते.

सुरुवातीला दोन ओळींची टीप दिली: पहिल्या आवृत्तीत निरनिराळे शब्द पुनरुक्ती टाळण्यासाठी वापरले गेले होते, या आवृत्तीत ते आयएसओ ९००० मधील अर्थाने वापरले आहेत. वकिलांनी एक बदल सुचवला, ‘वुई रिग्रेट’ ठेवावे आणि ‘वुई अ‍ॅपॉलोजाइझ फॉर आवर’ काढावे. तो केला.

फलकावरचा जुना गोषवारा काढून नवा लावला. ‘घोडचूक’ मागे घेतल्याचे मालकांनी पाळी बदलताना सगळ्यांसमोर सांगितले.

निष्पत्ती

सुधारित अहवाल ग्राहकाच्या क्वालिटी विभागाने स्वीकारला आणि आधीच्या खेपांबद्दलची मागणी मागे घेतली. ऑपरेटरवरील कारवाईचा प्रश्न पुन्हा विचारला गेला नाही. चारशे नग तपासण्याचा खर्च मात्र द्यावा लागला. चौदा नगांसाठी काहीतरी द्यावेच लागले असते, पण पूर्ण खेपेच्या खर्चावर घासाघीस करायला जागा उरली नव्हती, कारण ‘आवर फॉल्ट’ हे शब्द एकदा त्यांच्या हातात गेले होते. पुढच्या तीन खेपा वाढीव तपासणीखाली राहिल्या.

भाऊंशी मी नंतर बोललो. ते कामावर नेहमीसारखे आहेत. पण नोंदवहीत ते आता फक्त आकडे लिहितात, शेरा लिहीत नाहीत. इन्सर्ट घासले तर सांगतात, तोंडी. हे नुकसान कोणत्याही हिशेबात आलेले नाही आणि माझ्या मते ते तपासणीच्या बिलापेक्षा मोठे आहे.

वेगळे काय करता आले असते

पहिला निर्णयबिंदू शब्दाचा नव्हताच, वेळेचा होता. ग्राहकाने दुसऱ्या दिवशी मूळ कारण मागितलेच नव्हते. ‘एट डी’च्या क्रमाने तेव्हा फक्त तात्पुरता बंदोबस्त कळवायचा होता: उरलेला साठा अडवून ठेवला आहे, तपासणी वाढवली आहे, कारणाचा शोध चालू आहे. तेवढेच लिहिले असते तर ‘फॉल्ट’ आणि ‘ब्लंडर’ या दोघांनाही कागदावर येण्याची संधी मिळाली नसती.

ज्याच्याबद्दल लिहायचे त्याला ते आधी त्याच्या भाषेत वाचून दाखवायला हवे होते. पहिला मसुदा भाऊंना मराठीत सांगितला असता तर नोंदवही त्याच दिवशी उघडली असती. दुसऱ्या वेळीही आम्ही बैठक एका दिवसाने पुढे ढकलली नाही, यात माझाही वाटा आहे. मी सुचवले, पण आग्रह धरला नाही.

शाळेतल्या लाल शाईबद्दल बोलायचे तर निबंधात पुनरुक्ती हा दोष असेलही, पण करार, अहवाल, कायदा आणि औषधाची चिठ्ठी यांत एका गोष्टीला शेवटपर्यंत एकच नाव असावे लागते. शब्द बदलला की वाचणारा गोष्ट बदलली असे समजतो, आणि त्याचे तसे समजणे रास्त असते. हे त्या तरुणीला कोणी कधी शिकवले नव्हते. मीही माझ्या वर्गांत ते शिकवत नव्हतो, आता शिकवतो.

तिने स्वतः नंतर एक तक्ता करून क्वालिटी विभागाच्या कपाटावर आतल्या बाजूने चिकटवला आहे. त्यात समानार्थी शब्दांची यादी नाही. डावीकडे नग, यंत्र, मोजमाप, कागद, माणूस असे रकाने आहेत आणि प्रत्येकासमोर एक मराठी व एक इंग्रजी शब्द. ‘ब्लंडर’ तक्त्यात नाही. ‘फॉल्ट’ काढून टाकावा असे मालक म्हणत होते, पण मेंटेनन्सवाल्यांनी हरकत घेतली, कारण त्यांच्या रजिस्टरमधला अर्धा मजकूर त्या शब्दावाचून लिहिताच येणार नाही. म्हणून तो यंत्राच्या रकान्यात ठेवला आहे आणि त्याच्यापुढे पेन्सिलने लिहिले आहे: ‘आधी आवर लावू नये.’